शिगेनोआजींच्या सारात पाणी

शिगेनोआजींना वय विचारायचं नाही. विचारलंत की त्या तुमचं विचारतात, आणि मग दात किती उरलेत, गुडघे वाजतात का, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे सगळं चारचौघांत बाहेर काढतात. आमच्या डाकघरात आलेल्या नव्या साहेबाने ही चूक एकदा केली. तो अजून आजी समोरून दिसल्या की बुटाची नाडी बांधायला वाकतो. माझं घर त्यांच्या घराच्या बरोबर खाली, त्यांच्या परसातलं पाणी माझ्या कोबीवर येतं, तेव्हा मला सांगायचा हक्क आहे: एकोणनव्वद.

आमचं कामिनासावा शिन्शूच्या डोंगराला गोचिडासारखं चिकटलेलं आहे. घराघरांमध्ये रस्ते नाहीत, दगडी पायऱ्या आहेत. आजींचं शेत घराच्याही वर. सकाळी त्या पाठीवर टोपली बांधून वर जातात, आणि जाताना भांडतात. रानडुकराशी भांडतात, रेडिओवर हवामान सांगणाऱ्याशी भांडतात, आणि मी खिडकीत दिसले तर माझ्याशी.

"काझुए, तुझी चादर तीन दिवस वाळतेय. दोरीवरच म्हातारी करणार आहेस का तिला?"

मी काहीतरी उत्तर देते, त्या त्याच्यावर आणखी एक देतात, आणि दोघींची सकाळ मार्गी लागते. दहा वाजता त्या खाली येतात तेव्हा मनात कालचं काही शिल्लक नसतं. मग चहा. त्यांच्या ओसरीवर उमेयोबाई येतात, तोफूवाल्याच्या विधवा. तामोत्सु येतात, निवृत्त पोस्टमन. मी तर असतेच. चहा, पाल्याचं लोणचं, आणि गावात जो हजर नाही त्याची चौकशी. असं किती वर्षं चाललंय, ते कोणी मोजलेलं नाही. रात्री आठला दिवा बंद. जेवताना पोट थोडं रिकामं ठेवतात आणि म्हणतात, "उरलेली जागा उद्या भांडायला लागते."

दीर्घायुष्याचं रहस्य विचारायला शहरातून माणसं येतात. आजी प्रत्येकाला वेगळं रहस्य देतात. एका मासिकवाल्याला त्यांनी सांगितलं की मी झोपताना डाव्या पायाच्या अंगठ्याला मिसो, म्हणजे सारात घालायचं ते सोयाबीनचं खारट वाटण, चोळते. त्याने ते छापलं. त्यानंतर वसंतात चार बायका बसने आल्या आणि ओसरीवर बसून विचारू लागल्या, उजव्या अंगठ्याला चोळलं तर चालेल का. आजी गंभीरपणे म्हणाल्या, "तुमचं रक्त कुठल्या बाजूला वळतं त्यावर आहे."

वृद्धांच्या सन्मानाच्या दिवशी नगरपालिका बैठकीची गादी भेट देते. आजी एकदाही गेलेल्या नाहीत. "गादी घ्यायला गेलेली माणसं पुढच्या वर्षी दिसत नाहीत. मी बघून ठेवलंय."

पण मिठाची गोष्ट आली की त्यांचा आवाज खाली येतो. त्यांचे यजमान बावन्नाव्या वर्षी गेले. हिवाळ्यात, लाकडं फोडता फोडता, डोक्यातली शीर फुटून. त्या काळी आमच्याकडे हिवाळा म्हणजे खारवलेला मासा, खारवलेला पाला, आणि सारही असं खारट की चमचा उभा राहावा. घरटी एक माणूस असाच गेला. मग गावातल्या बायकांनी आरोग्य मंडळ काढलं आणि दारोदार जाऊन प्रत्येकाच्या मिसोच्या सारात मीठ मोजायचं यंत्र बुडवायला सुरुवात केली. पहिल्या तुकडीत शिगेनोआजी होत्या. लोक त्यांना दारातच चुकवायचे.

ते मंडळ अजून आहे. प्रत्येक घरावर पाळी येते, आणि ही दोन वर्षं माझी आहे. नोव्हेंबरात नर्सबाईंबरोबर घरोघरी जायचं, सार मोजायचं. मीठ शून्य दशांश आठ टक्क्यांच्या आत आलं तर शाबासकी. त्या दिवशी कामिनासावात जेवढं पातळ सार शिजतं तेवढं वर्षभरात शिजत नाही. माझ्या सासूबाई तर मापासाठी एक पातेलं आणि जेवणासाठी दुसरं ठेवायच्या. सगळ्यांना माहीत आहे. नर्सबाईंनाही माहीत असतं, फक्त त्या नव्या नसतील तर.

या वर्षीच्या मियाशिताबाई नव्या होत्या.

आता योशिताका. आजींचा एकुलता एक मुलगा. नागोयाला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, वय त्रेसष्ट. मुलगा गुणी आहे, मी खोटं बोलणार नाही. पण त्याच्या खिशात पोटाच्या गोळ्या, छातीवर फोन, आणि फोन वाजला की चेहरा असा होतो जणू कोणी आतून चिमटा घेतला. झोप चार तास. कोणावर ओरडत नाही, सगळं गिळतो. केस सगळे गेले, खांदे पुढे आले.

त्याने नागोयात आपल्या घराजवळच्या एका वृद्धनिवासात आईसाठी खोली धरली होती. लिफ्ट, प्रत्येक मजल्यावर नर्स, तोलून मापून जेवण. महिनाअखेर हो की नाही सांगायचं होतं. फोनवर आई आणि मुलगा तीन आठवडे जुंपले होते, आणि आजी फोन स्पीकरवर ठेवून बोलतात ते दोघांचंही खालच्या ओढ्यापर्यंत ऐकू येतं.

"त्या पायऱ्यांवरून एक दिवस पडशील, आई."

"तुझे वडील सपाट अंगणात पडले."

"आणि ते लोणचं, ते सार! तुझ्या वयाला एवढं मीठ..."

"ऐक. या महिन्यात काझुए ते यंत्र घेऊन येणार आहे. माझं सार मापात बसलं नाही तर मी तुझ्या त्या लिफ्टमध्ये येऊन बसते. बसलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. शब्द."

पैज अर्ध्या गावाने ऐकली. दुसऱ्या दिवशी चहाला गावाची चौकशी झालीच नाही. तामोत्सु लोणच्याकडे नुसते बघत बसले होते.

मापाच्या दिवशी योशिताका पहाटेच गाडी घेऊन हजर झाला. दहाला मी आणि मियाशिताबाई पोचलो तेव्हा उमेयोबाई आणि तामोत्सु ओसरीवर आधीच बसलेले, दोघंही लग्नघरातल्या पाहुण्यांसारखे ताठ. आजी नुकत्याच वरून कांद्याची पात घेऊन आल्या होत्या. योशिताका आतल्या खोलीत फोनवर कोणाला तरी "हो, माझीच चूक, हो" म्हणत होता. तो बाहेर आला तशा मियाशिताबाईंनी वाकून नमस्कार केला आणि आजींना विचारलं, "हे यजमान का?"

"छे हो," आजी म्हणाल्या. "यजमान याच्यापेक्षा तरुण होते."

योशिताका हसला नाही. आजी त्याच्याकडे तोंड करून, त्याला टोमणे मारत मारत पातेल्यातून वाटी भरून माझ्याकडे सरकवत होत्या. वर अळंबी, मुळा, चिरलेली पात. खाली काय आहे ते दिसत नव्हतं. मी यंत्र बुडवलं. आकडा बघितला. पुसून परत बुडवलं.

"शून्य दशांश एक," मी म्हणाले.

तोफू भिजवलेल्या पाण्यालाही एवढी कमी चव नसते. ओसरीवर उमेयोबाईंनी तामोत्सुंकडे पाहिलं आणि तामोत्सुंनी उमेयोबाईंकडे, आणि त्या क्षणी मला सगळं कळलं.

मियाशिताबाईंना मात्र वेगळंच कळलं. त्या पुढे सरकल्या, आवाज अगदी मऊ केला. "आजी, मिसो घालायचं राहून गेलं का? हल्ली असं होतं का कधी?"

"राहून जाईल? मी काय..."

"आज तारीख काय आहे, सांगता?"

"कालच्या पुढची."

"बरं. मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा हं. फूल, मांजर, आगगाडी."

"तिन्हींपैकी काहीच या घरात नाही. कशाला लक्षात ठेवू?"

मियाशिताबाईंनी योशिताकाकडे पाहिलं, आणि योशिताका गुडघ्यांवर बसला. पारडं आपल्या बाजूला झुकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता, हे मी सांगितलंच पाहिजे. त्याचे डोळे भरले होते. "आई," तो म्हणाला, "आता मिठाचा प्रश्नच नाही. तू चूल पेटवून विसरशील. आजच चल."

आजींनी वाटी उचलली, एक घोट घेतला. तोंडातला घोट तसाच ठेवून त्यांनी ओसरीकडे नजर टाकली. मग गिळला.

"यात कोणी अंघोळ केली?"

आजींना कोण ते कळलं होतं, शंकाच नाही. एक नाव घेतलं असतं की त्या सुटल्या असत्या. पण त्या वाटी खाली ठेवून गप्प बसल्या. शिगेनोआजी गप्प!

शेवटी उमेयोबाईंचा बांध फुटला. "मी ओतलं! ताई वर शेतात होत्या, मी किटलीतलं पाणी ओतलं. थोडंसंच हो. ताईंना नेतील म्हणून..."

"थोडंसं?" तामोत्सु उठून उभे राहिले. "मग एवढं पातळ कसं... तुमच्याआधी मी दोन डाव पाणी ओतलं होतं!"

"तुम्हीसुद्धा? मग मला सांगायचं नाही का!"

"चोरी करायला निघालेला माणूस गावाला विचारून जातो का?"

मला हसू आवरेना. मियाशिताबाई लाल झाल्या. पण योशिताका उभा राहिला, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा आमच्यासमोर आवाज चढवला. "तुम्हाला ही गंमत वाटते? ही माझी आई आहे! तुम्ही तिच्या जिवाशी खेळताय! मी तिथे रात्र रात्र जागतो, फोन वाजला की वाटतं..." बोलता बोलता त्याने खांबाला हात लावला. मियाशिताबाईंनी त्याला खाली बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा बघितला आणि पुन्हा फुगवला.

"कोणाला न्यायचंय तेवढं एकदा ठरवा," आजी म्हणाल्या, पण त्यांचा हात मुलाच्या पाठीवर होता.

मग त्या उठल्या. पातेलं परसात रिकामं केलं (माझ्या कोबीवर), नवं पाणी ठेवलं, मिसो काढलं. सगळ्यांच्या देखत, रोज करतात तसं. वाटी माझ्यासमोर आली.

"मोज. आणि मोठ्याने सांग."

मी मोजलं. मनातल्या मनात म्हटलं, खोटं बोलू का? पण मियाशिताबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"एक," मी म्हणाले.

उमेयोबाईंनी तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला. आजी पैज हरल्या होत्या.

"माहीत आहे मला," आजी मुलाकडे वळून म्हणाल्या. "तुझे वडील गेले तेव्हा या घरातलं सार याच्या दुप्पट खारट होतं. मी उतरवत उतरवत इथवर आणलं. गावातल्या निम्म्या घरांतलं उतरवलं, शिव्या खाऊन. राहिलेलं एवढं माझं आहे. ते मी कोणाला देणार नाही."

"आई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. आता मोडते."

"असं कसं?"

"नव्वदीला टेकलेल्या बाईला एक शब्द मोडायची मुभा नसेल, तर एवढं जगून मी मिळवलं काय?"

योशिताकाने काही बोलायला तोंड उघडलं. आजींनी हात वर केला. त्या ओसरीवरच्या दोन चोरांकडे बघत होत्या, ते दोघे बुडाखाली काटे असल्यासारखे चुळबुळत होते.

"तुझ्या त्या निवासात मीठ तोलतात, नर्स आहे, लिफ्ट आहे. सगळं चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिथे मी कोणाशी भांडू? आणि मला एक सांग, योशिताका. तुझ्या इमारतीत तुला कोणी न्यायला आलं, तर तुझ्या सारात चोरून पाणी ओतायला कोण येईल?"

योशिताका ओसरीकडे बघत राहिला. फोन वाजला. त्याने बघितला, आणि उलटा करून जमिनीवर ठेवला. तो पुन्हा वाजला, मग थांबला. तामोत्सुंनी हळूच त्याच्यापुढे लोणच्याची बशी सरकवली. त्याने एक तुकडा घेतला.

"खारट आहे," तो म्हणाला.

"मग चहा घे," आजी म्हणाल्या.

मियाशिताबाईंनी एकचा आकडा नोंदवला आणि शेरा काय लिहावा म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, लिहा, समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, कोणी कोणाला? तेव्हाच मला ती मुलगी आवडली. योशिताकाला त्यांनी सोमवारच्या आत डॉक्टरला दाखवण्याचं वचन द्यायला लावलं, आणि ते वचन मोडायची परवानगी त्याला नाही, कारण तो अजून नव्वदीचा नाही, असंही ऐकवलं.

तो तीन दिवस राहिला. सुट्टी वाढवायला त्याला किती फोन करावे लागले ते मी मोजत होते, पण मधेच उमेयोबाई आल्या आणि गणित चुकलं. खोली त्याने सोडून दिली. बदल्यात एक गोष्ट मात्र हट्टाने करून घेतली. खालच्या गावातून लोहार बोलावला आणि पायऱ्यांच्या कडेने, शेतापर्यंत, लोखंडी कठडा बसवून घेतला. आजी पूर्ण वेळ लोहाराला शिकवत होत्या. योशिताकाने जाताना आईकडून शब्द घेतला की वर जाता-येता कठडा धरायचा.

"शब्द," आजी म्हणाल्या.

परवा मी वर बघितलं. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत, अख्ख्या कठड्यावर मुळे वाळत घातलेत. हात ठेवायला बोटभर जागा नाही. आणि पायऱ्यांच्या मधोमध, टोपली पाठीला बांधून, शिगेनोआजी रेडिओवाल्याला शिव्या घालत वर निघाल्या होत्या.