पेढे वाटले, पण वाचले कुणी?

मंडळी, आज डोकं इतकं तापलंय की लिहिल्याशिवाय राहवेना.

साखऱ्याहून जीपनं सेनगावला येऊन मी रफीकभाईंच्या नेट कॅफेत हा ब्लॉग लिहिते. महिनाभरात ब्लॉगला भेट देणाऱ्यांचा आकडा भराभर चढला, म्हणून मागच्या सोमवारी मी पेढे वाटले. रफीकभाईंनीही दोन खाल्ले.

आज आकड्याखालचा तक्ता पहिल्यांदा नीट पाहिला. जवळपास सगळ्या भेटी याच कॅफेतल्या, आणि जो तो दोन सेकंदांत पळालेला! तेवढ्यात शेजारच्या मुलीनं निकाल बघायला इंटरनेट उघडलं, तर पडद्यावर आधी माझाच ब्लॉग. तिनं न वाचताच तो घालवला.

"रफीकभाई, हे काय?"

"ताई, सगळ्या मशीनवर पहिलं पान तुमचंच लावलं. आपल्या इकडची लेखिका हाय. काहून, काही तकलीफ?"

"मग पेढे खाताना काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी खुशीत होता ना."

समोर उभं राहून ते पान सगळ्या मशीनवरून काढायला लावलं. उद्या आकडा धाडकन पडणार, पडू दे.

तुमच्यापैकी कुणी इथपर्यंत वाचलं असेल, तर खाली नाव लिहा. पेढे तुमच्या नावाचे होते, आणि तुम्ही आहात की नाही हेच मला ठाऊक नाही.