टोपीला हात लावून गेलेला माणूस

"मुका हाय का वं हा माणूस?" मागच्या बाकावरून शेजारच्या काकूंचा आवाज आला. "घोड्यावरून उतरल्यापासून दोन शब्द नाही बोलला."

"दारू मांगतली ना आताच," दुसरी कोणी म्हणाली. "पाणी नाही मांगतलं, सिद्धी दारूच!"

बायकांच्या बाजूला हशा पिकला. साठच्या दशकाच्या सुरुवातीचा तो उन्हाळा होता. यवतमाळच्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळी कधीमधी इंग्रजी सिनेमा लागायचा आणि तिकीट स्वस्त असायचं. त्या रांगांत इंग्रजी कळणारी मी एकटीच, म्हणून मावशीने मला ओढून आणलं होतं. नागपूरच्या इंग्रजी शाळेतलं वसतिगृह सोडून मला दोनच महिने झाले होते. घरात मी बहुतेक गप्प असे. माझं मराठी पुस्तकी वाटायचं आणि इंग्रजीला सगळे हसायचे. आज मात्र पडद्यावरचं प्रत्येक वाक्य मला कुजबुजत पुढे-मागे पोचवावं लागत होतं.

असे काउबॉयचे चार-पाच सिनेमे शाळेच्या हॉलमध्ये पाहिल्यामुळे त्यांची रीत मला पाठ होती. अनोळखी माणूस एकटाच गावात येणार. गुत्त्याची झुलती दारं ढकलून तो आत आला की पियानो थांबणार. भर दुपारी तो आणि गावातला गुंड पिस्तुलं घेऊन रस्त्यात समोरासमोर उभे राहणार, दुकानदार खिडक्या लावून घेणार, एखादी आई लेकराला आत ओढणार. आणि गाव सुखरूप झालं की तो निघून जाणार. दारात कितीही चांगली बाई उभी असली तरी. का, ते तो सांगत नाही आणि त्याला कोणी विचारतही नाही. शाळेत मला ते आवडायचं. न बोलणाऱ्या माणसाला तिथे कोणी नावं ठेवत नव्हतं.

मावशी, आईची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहायची. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी धरणाच्या कामावर म्हणून मध्य प्रदेशात गेला. वर्षभर पत्रं आली, मग बंद झाली. त्या उन्हाळ्यात अमरावतीला शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी तिला जागा मिळाली होती. दोन वर्षं तिथेच वसतिगृहात राहायचं होतं. सोमवारी उत्तर टपालात पडायला हवं होतं. बाबा एवढंच म्हणाले होते, "तुझं तू ठरव." तिने जायचं ठरवलं होतं. शनिवारी पत्र्याची पेटी काढून तिने अंगणात उन्हात ठेवली होती.

सिनेमा शेवटाला आला. शेत वाचलं होतं. कुंपणाशी त्या शेताची मालकीण बाई उभी होती. तो घोड्यावर चढला, तिच्याकडे पाहिलं, टोपीच्या काठाला दोन बोटं लावली आणि घोडा वळवला. संगीत मोठं झालं. टोपीच्या सावलीत त्याचे ओठ दिसत नव्हते.

"काय म्हटलं त्यानं?" मावशीने विचारलं. तिने माझं मनगट धरलं होतं.

तो काही म्हणाला नव्हता. पण मागच्या बायकाही पुढे वाकल्या होत्या, आणि मावशी पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.

"म्हणाला, वाट पाहा," मी सांगितलं. "पीक निघालं की परत येतो."

"मंग बरं!" काकू म्हणाल्या. "नाहीतर म्या चप्पलच फेकली असती पडद्यावर."

मावशीने मनगट सोडलं.

घरी जेवणं झाल्यावर ती बाबांसमोर येऊन उभी राहिली. "भाऊजी, नाही म्हणून कळवा. एवढं साल वाट पाहू."

"काहून? काल तर पेटी काढली होती तू."

"गेलेले माणसं येतात, भाऊजी. त्या सिनेमातल्या बाईले तर तो सांगून गेला." ती हसली, पण ते हसू पुरतं उमटलं नाही. "अन् मी तिकडे असताना हे दारात आले तर?"

सिनेमा पाहून आयुष्य ठरवण्याइतकी ती भोळी नव्हती. थांबायला काहीतरी कारण ती सहा वर्षं शोधत होती आणि त्या दिवशी ते मी तिच्या हातात दिलं होतं.

मग बाबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. सरकारी पत्रं इंग्रजीत जायची आणि ती लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी वरच्या कोपऱ्यात पत्ता लिहिला, तारीख घातली, आणि 'महोदय' या अर्थाचा शब्द लिहून थांबले. मावशी दाराच्या चौकटीला टेकून माझ्या हाताकडे पाहत होती. तिला मागाहून, एकटी असताना सांगता येईल, असं मला वाटलं. पण मागाहून म्हणजे पत्र गेल्यावर, आणि पत्र गेल्यावर तिची जागा दुसऱ्या कोणाला मिळणार होती. आपण खोटं सांगितलं हे बाबांसमोर कबूल करायचं, या विचाराने माझे कान तापले होते.

"लिही ना," बाबा म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं.

"मावशी, तो काहीच बोलला नव्हता. ते शब्द माझे होते. त्या सिनेमांतली माणसं कधीच परत येत नाहीत. तू जा."