सेवा मोडली म्हणे

"तुझी ओटी नको. तू मागे जाऊन बस."

काकू माइकवर बोलल्या नव्हत्या, पण माइक चालू होता. नवरात्रातल्या अष्टमीची संध्याकाळ. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीचा हॉल बायकांनी भरलेला. देवीसमोर ओटी भरायची रांग. माझ्या हातात ताट. केबिन रोडवर चार दुकानं फिरून आणलेला हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. माझी पाळी आली आणि काकूंनी ताटावर हात आडवा धरला.

मी विचारलं, "का?"

"का काय? सेवा मोडलीस तू. देवीने दिलेलं तुला राखता आलं नाही. आता तुझा हात नको ओटीला."

मागून दुसऱ्या मजल्यावरची भाभी म्हणाली, "जाने दो ना काकू, बेचारी है."

बेचारी! काकूंचं बोलणं एक वेळ गिळलं असतं, पण हा शब्द घशात अडकला. हॉलमध्ये एक बाई हलली नाही. ज्यांच्या नातवंडांच्या बारशाला मी पाळणे सजवले, त्या सगळ्या मोबाईलमध्ये तोंड घालून बसल्या. मी ताट घेऊन घरी आले. नारळ किचनच्या ओट्यावर असा आपटला की नवरा बाहेरून धावत आला. म्हणाला, "जाऊ दे गं. कशाला मनाला लावून घेतेस?"

मनाला नाही लावायचं तर कुठे लावायचं?

बाळ श्रावणात गेलं होतं. पोटातच. चौथा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरून सांगितलं होतं, "तुम्ही काही केलंत म्हणून झालेलं नाही हे. काही केलं नाहीत म्हणूनही नाही." मी मान हलवली. पण ऐकलं नाही. कारण माझ्या कानात आधीच काकू बसलेल्या होत्या.

काकू म्हणजे सोसायटीतल्या देवीच्या मंडळाच्या प्रमुख. शाळेतून रिटायर झालेल्या, गिरगावातली जागा विकून इकडे आलेल्या. पाठ ताठ, आवाज करडा, सगळं पाठ. लग्नानंतर बरीच वर्षं आमचं काही होत नव्हतं. सुया झाल्या, गोळ्या झाल्या, सोनोग्राफ्या झाल्या. तेव्हा लिफ्टमध्ये काकू मला म्हणाल्या, "देवीला नुसतं मागून काही मिळत नाही. ती सेवा बघते. सेवा मुरावी लागते." मग जरा थांबून, नाकाशी पदर नेऊन म्हणाल्या, "तुमच्यात रोज असतं ना मासे-बिसे? ते मात्र सोडावं लागेल."

आमच्यात म्हणजे कोळ्यांच्यात. माझी आई भाईंदर पश्चिमेला बाजारात मासळी विकते. त्या टोपलीवर मी शिकले, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागले, एसीत बसले. आणि मी मासे सोडले. कुणी जबरदस्ती केली नाही हो. आशेने सोडले. आशा आली की माणूस काय काय सोडतं!

मंगळवारी, शुक्रवारी ड्युटीवरून आले की थेट हॉलमध्ये. चिंच-मीठ लावून समया घासायच्या. सतरंज्या झटकायच्या. हार गुंफायचे. हॉलच्या टोकाला देवीचा कायमचा गाभारा आहे, त्याच्या पायरीवर मात्र मी चढायचं नाही. ती वरची सेवा. काकू म्हणायच्या, "तुझी अजून खालचीच चालू आहे." मला ते पटायचं! शाळेत वरच्या वर्गात जावं तसं मी समजत होते. बोटं काळी पडायची आणि मला वाटायचं, जमतंय. देवीच्या नजरेत भरतंय.

मग दिवस राहिले. काकूंनी आरतीनंतर मला सगळ्यांसमोर उभं केलं. "बघा! सेवेला फळ आलं." पेढे मी आणलेले, वाटले त्यांनी. मीही हसत उभी होते.

आणि डोहाळे लागले ते माशांचेच. नुसते मासे नाहीत, निवट्या. खाडीच्या चिखलात उड्या मारतात ना, त्या बोटाएवढ्या मासळ्या. लहानपणी आजारी पडलं की आई त्यांचं पातळ कालवण करायची. मी किती दिवस दात आवळून बसले. झोपेत वास यायचा. एके दुपारी माहेरी गेले आणि ताटभर भात ओरपला. आई समोर बसून बघत होती. मी रडत होते खाताना, इतकं बरं वाटत होतं.

पुढे काही आठवड्यांनी ते झालं. दवाखान्यातून घरी आले तर काकू भेटायला आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. पहिला प्रश्न, "काय खाल्लं होतंस?" पोलिसांसारखा. मी खरं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, म्हणाल्या, "अरेरे. मोडलीस गं सेवा."

तेव्हापासून मी तेच चघळत होते. एक वाटी कालवण. त्या वाटीपायी माझं बाळ गेलं. कामावर फोन उचलताना तेच, आंघोळ करताना तेच. आईकडे जाणं बंद केलं. तिचं तोंड बघवत नव्हतं, कारण कालवण तिने केलं होतं.

ओटी परत आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी, नवमीला, मी आईकडे गेले. भांडायलाच गेले खरं तर. ती दारात बसून सुके बोंबील निवडत होती. मी चप्पलही काढली नाही. सगळं भडाभडा ओकले. हॉल, माइक, भाभी, कालवण.

आईने हातातला बोंबील खाली ठेवला.

"कोन बोलली ती? देवी बोलली का ती काकू बोलली?"

"काकू. पण देवीचंच ना..."

"देवी काय मुकादम हाय गो, तुझी हजेरी लावाया? आपली गवर भादव्यात घरी येते ती चिंबोरीचा निवद खाऊन जाते. तुझ्या हातानं तू वाढलाय. चिंबोरी खानारी बाय तुझ्या निवटीवर रागवंल?"

खरंच की. गौरीच्या दुसऱ्या दिवशी खेकड्यांचा रस्सा आधी तिला, मग आम्हाला. जन्मभर बघितलेलं. सेवेत बसले आणि विसरले. गिरगावच्या काकूंनी माझ्याच घरातली देवी माझ्याकडून काढून घेतली आणि मी देऊन टाकली.

आई म्हणाली, "तुझा बापूस दारू पिऊन खाडीत गेला तरी जाळ्याला बोय मासली लागली. उपास धरून गेला तरी रिकामा आला. दर्या हिशोब ठेवीत न्हाय."

"मग माझंच बाळ का गेलं?" मी ओरडलेच. शेजारची बाई डोकावली.

आईने बोंबील बाजूला सारले. म्हणाली, "ते मना म्हायती न्हाय. कोनालाच म्हायती न्हाय. जी म्हायती हाय बोलते ना, ती खोटी."

समाधान झालं? नाही. उलट संताप आला. आधी निदान कारण होतं. आता तेही नाही. पण एक गोष्ट लख्ख झाली. मूल राहिलं तर काकूंच्या सेवेमुळे, गेलं तर माझ्या तोंडामुळे. असला कसला व्यवहार? घासलेल्या समया मोजून जी देते, ती कृपा कसली? तो पगार झाला. आणि पगाराला कात्री लावायला कुणी काकू लागतेच मध्ये. आईने न विचारता ताट वाढलं. निवट्यांचंच कालवण. मी पोटभर जेवले.

संध्याकाळी हॉलमध्ये गेले. ताट नव्हतं हातात. आरती संपली होती. मी सरळ चालत पायरीपर्यंत गेले. काकू आडव्या आल्या, नाकाशी पदर.

"खाऊन आलीस?"

"हो. निवट्यांचं कालवण."

हॉलमध्ये कुजबुज झाली. भाभी "हाय राम" म्हणाली. काकू मात्र हुशार. चिडल्या नाहीत. खांद्यावर हात ठेवला, आवाज एकदम मऊ केला. "हे बघ, माझं तुझ्याशी वैर आहे का? पहिल्यापासून सुरू कर. समयांपासून. नीट पाळ या वेळी. पुढच्या वर्षी मी स्वतः तुला पायरीवर उभी करीन. अजून वय गेलेलं नाही तुझं."

खोटं कशाला बोलू, हो अगदी तोंडाशी आलं होतं माझ्या. मूल हवंय मला. आजही हवंय. पुढच्या वर्षी, या शब्दाला अजून गळ होता. सगळ्या बायका माझ्या हो म्हणण्याची वाट बघत होत्या. हो म्हटलं असतं तर तिथल्या तिथे मला सगळ्यांनी जवळ घेतलं असतं.

मी काकूंचा हात खांद्यावरून काढला. पायरी चढले. वरच्या सेवेची पायरी. देवीच्या समोर गुडघे टेकले आणि अंगावरची ओढणी दोन्ही हातांनी पसरली. रिकामी. ओटी देवीची भरतात, मला माहितीय. पण माझ्याकडे भरायला काही नव्हतं. जे होतं ते श्रावणात गेलं. मी देवीला म्हटलं, मोठ्याने म्हटलं, "माझ्याकडे दाखवायला काही नाही. द्यायचं तर दे. नाही दिलंस तरी मी तुझीच आहे."

मागून काकू म्हणाल्या, "अशी मागायची रीत नसते. आधी लायक व्हावं लागतं."

मी उठले. वळले. "लायक झाल्यावर मिळतं ते तुमच्या मंडळात, काकू. इथे, हिच्यापाशी नाही."

ओढणी खांद्यावर टाकली आणि बायकांच्या मधून बाहेर पडले. कुणी अडवलं नाही. कुणी सोबतही आलं नाही. भाभीने तेवढी नजर खाली घातली.

त्यानंतर सेवेला गेले नाही. आईची मासळीची टोपली आता मागच्या जिन्याने नाही, समोरच्या लिफ्टने, सगळ्यांच्या नाकासमोरून वर येते. बाळ आठवतं, रोज आठवतं, आणि का गेलं ते मला अजून माहीत नाही. पण कालवणाने गेलं नाही. माझ्याने गेलं नाही. उद्या मला मूल झालं आणि कुणी पेढा मागत दारात आलं, "बघ, सेवेला फळ आलं" म्हणत, तर मी दार लावून घेणार. आणि नाही झालं, तर "तुझंच काहीतरी चुकलं" म्हणणाऱ्या तोंडावरही तेच दार लावणार.