वाराची भाकरी आणि मिडलचा इम्तिहान

सोमवारी पोरं मठ्ठ का होतात, याचा शोध आमच्या ह्यांनी लावला, आणि तोही भर जेवणाच्या पानावर.

हे तेव्हा बीडला एका मिडल शाळेचे हेडमास्तर होते. राज्य निजामाचं, म्हणून शाळेला म्हणायचं वस्तानिया, परीक्षेला म्हणायचं इम्तिहान, आणि शिकायचं सगळं उर्दूतून. घरात मराठी, रानात मराठी, भांडणं मराठीत, आणि शाळेचा उंबरा ओलांडला की बेरजेची जमा आणि गुणाकाराची जरब व्हायची. कचेरीतल्या लोकांची पोरं भराभर पुढं जायची. खेड्यातून आलेली बिचारी मागच्या भिंतीला टेकून बसायची, आणि वर्षाच्या शेवटी गाठोडं बांधून आपल्या वाडीला परत.

ही खेड्यातली पोरं वार लावून जेवायची. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असे आठवड्याचे वार गावातल्या घरांनी वाटून घेतलेले. ज्या दिवशी ज्या घरचा वार, तिथं जाऊन ओसरीला पान वाढेपर्यंत बसायचं. निजायला शाळेची पडवी. अंगावरचं धोतर बिंदुसरेला धुवायचं आणि वाळेपर्यंत नदीतच डुंबायचं. पोरांची आईबापं लांब, आणि लोकांना वाटायचं की चला, पोटाची सोय झाली म्हणजे झालं.

तर त्या दिवशी हे जेवताना मला म्हणाले, "तो धनगराचा पोरगा बघ. बुधवारी वर्गात सगळ्यांच्या पुढं, आणि सोमवारी नुसता दगड. शनिवारी पुन्हा दगड. छडी मारून माझा हात दुखला, पण काही कळत नाही."

मी विचारलं, "सोमवारी त्याचा वार कुणाकडे असतो?"

"पलीकडच्या आळीतल्या शास्त्रीबुवांकडे."

"अहो, ते घर सोमवार करतं! दिवे लागल्यावर सोडतात. आणि शनिवारचं त्याचं घर मारुतीचा उपास करतं, तेही संध्याकाळपर्यंत चूल पेटवत नाही. पोराला सकाळी वाढणार कोण?"

ह्यांनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मी उपाशी पोराला मारत होतो." शोध ह्यांनी लावला असं मी सांगते खरी, पण कुणी लावला ते तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांचा हुकूम निघाला की सकाळी भाकरी खाल्ल्याशिवाय एकाही पोरानं पाटी उघडायची नाही. हुकूम काढायला काय जातंय? भाकऱ्या आणायच्या कुठून, ते माझ्या गळ्यात. मी पदर खोचला आणि घरोघर फिरले. एक भाकरी आणि चटणीचा गोळा, तुमच्या चुलीवरचा, रोज सकाळी शाळेत पोचवायचा. एका बाई म्हणाल्या, आम्ही वार जेवू घालतो तो पुण्यासाठी, शाळेत कसली मेली भाकरी पाठवायची? मी म्हटलं, "पुण्य काय तुमच्याच ओसरीवर मांडी घालून बसलं तरच लागतं होय?" चिडल्या त्या. पण दुसऱ्या दिवशी भाकरी आली, आणि सगळ्यांच्यापेक्षा मोठी आली.

महारांची दोन पोरं होती शाळेत. त्यांना त्याच पंगतीला बसवाल तर आमच्या भाकऱ्या बंद, असं बायांनी बजावून सांगितलं. त्यांना माझ्या चुलीवरची भाकरी गेली, पण ती पायरीवर बसून खाल्ली त्यांनी. हे रोज म्हणायचे, पुढच्या महिन्यात बघू. तो पुढचा महिना काही आला नाही. आता वाईट वाटून काय उपयोग, पण वाटतं.

पोटाचं असं जमलं, तर डोक्याचं मुन्शीजींनी घेतलं. मुन्शीजी म्हणजे शाळेतले उर्दूचे मास्तर, काटकुळे, मेंदीनं लाल केलेली दाढी, तोंडात सदा पान. माणूस तापट, पण पोरांवर हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. ते म्हणायचे, "पोराला सबक आवघड न्हाई जात वहिनी. लफ्ज आवघड जातो." मग त्यांनी काय केलं, की उद्या वर्गात जो धडा व्हायचा त्यातले शब्द आजच संध्याकाळी शाळेमागच्या लिंबाखाली ओळखीचे करून द्यायचे. आधी वस्तू हातात द्यायची, मग तिचं उर्दू नाव. धनगराच्या पोराला तोंडी हिशेब लख्ख यायचा, पण उदाहरण उर्दूत लिहिलेलं आलं की तो गार. मुन्शीजी त्याला म्हणायचे, "बे, घाबरतो कावून? त्यातले सगळे मेंढरं कर, मग बोल." व्यापाऱ्याचे कापडाचे थान मेंढरं झाले, शिपायांच्या पलटणी मेंढरं झाल्या, आणि पोरगं धडाधड उत्तरं द्यायला लागलं. शेवटच्या वर्षाला तर त्याचं उर्दू अक्षर इतकं वळणदार झालं, की कचेरीतल्या लोकांची पोरं त्याच्या पाटीत डोकावायची. मला तर बाई गंमतच वाटायची. काकू काकू करत माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा आणि चुलीतल्या लाकडापासून पळीपर्यंत सगळ्याची उर्दू नावं म्हणून दाखवायचा. मला मूल नव्हतं. जास्त काय सांगू?

त्याचा बाप मात्र कंटाळला होता. थोरला पोरगा मेंढरांमागं असतानाच तापानं गेलेला, आता ती राखायला माणूस नाही. एका बाजाराच्या दिवशी खांद्यावर घोंगडं टाकून आला आणि अंगणातूनच ह्यांना म्हणाला, "मास्तर, आता एकच इम्तिहान. पास झाला तर तुमचा. मंग औरंगाबादला धाडा न्हाईतर हैद्राबादला धाडा, मी आडवा न्हाई येनार. नापास झाला तर माज्या मेंढरांचा. पुन्हा इचारायचं न्हाई."

"कबूल," हे म्हणाले. एका क्षणाचाही विचार नाही!

मी आतून बोलले, "अहो, असा कसा सौदा करता?" तर हसले. म्हणाले, "तो नापास व्हायचा असेल तर शाळेला कुलूप लावलेलं बरं."

इम्तिहानाच्या आधी त्याची आई आली. दिवसभर चालून आलेली, पाय धुळीनं पांढरे झालेले. ओसरीला टेकली, पाणी प्याली, आणि ह्यांना विचारलं, "मास्तर, व्हईल का वो पास? त्यो पास झाला तर मेंढरांमागं न्हाई मरायचा माज्या थोरल्यावानी." तिचे डोळे भरून आले. ह्यांनाही भरून आलं, आणि भरून आलं की हे काहीतरी हलकं बोलून मोकळे व्हायचे. म्हणाले, "आम्ही करायचं ते सगळं केलं बाई. आता तुमच्या देवाला सांगा." आपण बोलतो तसंच बोलले. ह्यांचा स्वतःचा देवधर्म मी करत होते तेवढाच.

ती उठली ती तडक लिंबागणेशच्या गणपतीला गेली. तिथं काय बोलून आली ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. परत जाताना शाळेच्या पडवीत पोराला तेवढं भेटून गेली.

इम्तिहान उन्हाळ्याच्या तोंडाला असायचा. पहिल्या सकाळी मी सगळ्या पोरांच्या तळहातावर दही घातलं. बाकीच्यांनी चाटून टाकलं. हा म्हणाला, "काकू, जाता जाता खातो." मागून बघते तर दही तुळशीच्या कट्ट्यावर. मी मांजराच्या नावानं ओरडत बसले! दुपारी शाळेत भाकऱ्या पाठवल्या, त्याची दुसऱ्याच पोरानं खाल्ली म्हणे. मला वाटलं, भीतीनं पोटात घास जात नसेल. संध्याकाळी दिवस बुडाल्यावर मात्र जेवायचा, आणि तांब्यावर तांब्या पाणी प्यायचा. उर्दूचा पेपर झकास गेला. बाकीचेही बरे गेले. गणित शेवटच्या दिवशी, दुपारच्या पारी. पत्र्याखाली नुसती भट्टी पेटलेली.

उन्हं कलायच्या आतच मुन्शीजी त्याला खांद्यावर टाकून आमच्या दारात आले. पेपर सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. तो पहिलंच उदाहरण पुन्हा पुन्हा लिहीत होता, मग कलंडला आणि तिथंच पडला. कागद जवळजवळ कोरा. मी धावत पाणी आणलं, ओठाला लावलं, तर दात घट्ट मिटून घेतलेले. शुद्ध होती, डोळे उघडे होते, पण पाणी म्हणून घेईना. मी रागावले, रडले, तोंडात बोटं घातली. मुन्शीजी म्हणाले, "वहिनी, राहू द्या. हे पोरगं रोज्याला हाय. ओठ बघा त्याचे. आमच्या रमजानात मी असे ओठ लई पाहिले."

दिवस बुडाला तेव्हा तो स्वतः उठून बसला आणि पाणी प्याला. मग बोलला. आईनं नवस बोलला होता. पोरगा इम्तिहानाच्या दिवसांत उगवल्यापासून मावळेपर्यंत अन्नपाणी शिवणार नाही, देवा, तू त्याला पास कर. तिनं पोराला गळ्याची शपथ घातली होती, कुणाला सांगितलंस तर नवस फुकट जाईल म्हणून.

हे दारात उभे होते. "मीच म्हणालो तिला देवाला सांग म्हणून," एवढंच बोलले, आणि त्या रात्री जेवले नाहीत. मला ह्यांची दया यायची आणि संतापही यायचा. एवढ्या भाकऱ्या जमवल्या, गावभर भांडणं घेतली, पोरगं उपाशी राहू नये म्हणून जिवाचं रान केलं, आणि त्याच्या आईनं मायेपोटी त्याला नेमकं त्याच दिवसांत उपाशी ठेवलं. कुणावर ओरडायचं सांगा!

त्या रात्री पोरानं आम्हा तिघांचे पाय धरले. चक्कर आल्याचं आणि नवसाचं आम्हाला कळल्याचं घरी सांगू नका म्हणाला. आम्ही शब्द दिला. हे वरच्या साहेबांकडे जाऊन आले, पोराचा पेपर पुन्हा घ्या म्हणून हात जोडले. तसा कायदा नव्हता.

निकाल लागला. उर्दूत तो सगळ्यांच्या वर. गणितात गेला, म्हणजे सगळ्यातच गेला. हे पायी त्याच्या वाडीला गेले, आणखी एक साल द्या म्हणून बापाच्या विनवण्या केल्या. बाप वाईट माणूस नव्हता. त्यानं ह्यांना दूध पाजलं, घोंगडं अंथरलं, आणि म्हणाला, "मास्तर, तुमी कबूल म्हनला हुता." हे आले तसे परत फिरले. लिंबाखाली मुन्शीजी पुढंही पोरं शिकवत राहिले, सकाळच्या भाकऱ्याही चालू राहिल्या, आणि पुढं आमच्या शाळेची खेड्यातली कितीतरी पोरं मिडल पास झाली. लोक ह्यांचं नाव काढायचे. हे ऐकून घ्यायचे आणि उठून आत यायचे. ज्याच्यामुळं हे सगळं सुरू झालं, तोच तेवढा मागं राहिला. याचं दुःख ह्यांना शेवटपर्यंत होतं, आणि मला तर अजून आहे.

पडवीतलं गाठोडं न्यायला तो आला तेव्हा आई बरोबर होती. निरोप घ्यायला दोघं आमच्या ओसरीवर आली. हे घरात नव्हते, आणि बरंच झालं. ती माऊली किती वाळली होती! माझ्यासमोर बसली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "काकू, तुमी खोटं न्हाई बोलनार. माज्या पोरानं त्या दिसांत तोंडात काई घातलं हुतं का? देव उगं कुनाला पाडत न्हाई. काईतरी चुकलंच आसंल."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाई गं, एक घोट पाणी प्याला असता तर तुझं पोर आज हैद्राबादच्या वाटेवर असतं! पण दिलेला शब्द आडवा आला.

तेवढ्यात तो मागून बोलला, "पानी पिलतो आये. रांजनातलं. लई तहान लागलती."

तिनं उठून त्याच्या मुस्काटात मारली. मग स्वतःचेच कान धरले, लिंबागणेशच्या दिशेनं तोंड करून नाक घासलं, आणि रडत रडत गाठोडं उचलून बाहेर पडली. मी त्याचा दंड धरला. "अरे मेल्या, खोटं कावून बोललास? थेंब तरी घेतला होतास का?"

त्यानं दंड सोडवून घेतला. "मंग तिला काय सांगू काकू? तुज्या नवसानं पडलो म्हनू?"

तो पायरी उतरून गेला आणि आईच्या डोक्यावरचं गाठोडं त्यानं आपल्या डोक्यावर घेतलं. ती त्याला पार वेशीपर्यंत बोलत गेली, आणि तो मान खाली घालून ऐकत गेला.