चिंचोक्यांखालचा दगड

आज भालकीच्या बाजारात ज्वारीच्या ओल्या धाटांचा गोडसर वास आला आणि मला अप्पांनी केलेली बैलगाडी आठवली.

मी सातेक वर्षांची असेन. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. त्यांनी धाटं सोलून, आतल्या भेंडाची चाकं करून मला गाडी दिली. सालपटांनी त्यांची बोटं कापली होती. आमच्या गल्लीत गाडीची पारख चिंचोके भरून व्हायची. चाकांचा आस मोडला की गाडी वाईट. मला तर पत्र्याची मोटार हवी होती. म्हणून मी चिंचोक्यांखाली दगड लपवला आणि पोरींसमोर गाडी ओढली. आस काडकन मोडला.

"बगा अप्पा, तुमची गाडी कच्ची हाय!"

अप्पा चिंचोके गोळा करू लागले, तेव्हा दगड त्यांच्या हाताला लागला. कापलेल्या बोटांच्या मुठीत तो झाकून ते पोरींना म्हणाले, "व्हय, धाटच कवळं निघालं."

पुढच्या बाजारी त्यांनी मोटार आणली. माझ्या हातात देताना हळूच म्हणाले, "हिच्यात दगड घातलास तरी मोडायची न्हाई, माय."

मी मान खाली घातली. चुकले, एवढं म्हणायचं होतं. ते आज म्हणते आहे, धाटांच्या ढिगापाशी उभी राहून.