भाच्याची गैरहजेरी

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी माझं वजनसुद्धा खरं सांगतो.

आमच्याकडे लग्नाबारशात गोष्टी रंगवून सांगायचं काम माझं. सगळ्या सांगून झाल्या, ही सोडून. का सोडली? कारण हिच्यात रंगवण्यासारखं काही नाही. मीच आहे.

सिद्धार्थ माझ्या बहिणीचा मुलगा. आम्ही दोघं दापोडीचे, चाकणला एकाच कंपनीत, आणि कबड्डीचं मंडळही एकच. तो लेफ्ट कॉर्नर. मी एकेकाळचा खेळाडू, आता नुसतं पोट. तरी काही वर्षांपूर्वी मंडळानं मला निवड समितीवर घेतलं. गळ्यात शिट्टी आली आणि माझं डोकंच फिरलं म्हणा ना.

सराव संध्याकाळी, आणि नेमकी माझी सेकंड शिफ्ट. समितीचा माणूस मैदानावर नको? सिद्धार्थची फर्स्ट होती. म्हटलं, निवड होईपर्यंत अदलाबदल करू. "जा मामा, तुम्ही शिट्टी वाजवा," तो हसत म्हणाला. तुझ्या सरावाचं काय, हे मी विचारलं नाही. त्याला कशाला हवा सराव, असं स्वतःला पटवलं — पटवणं मला बरं जमतं.

मग निवडीची बैठक. समितीतल्या शकीलभाईंच्या गॅरेजमध्ये, जुन्या टायरांवर बसून. एकच जागा उरलेली, आणि वाद सिद्धार्थवरून. फॉर्म? "गेल्या स्पर्धेत आग होता राव!" बचाव? "त्यानं घोटा धरला की चढाईवाला संपला." अध्यक्ष म्हणाले, "पण शिस्त? सरावाला तोंड दाखवलं न्हाई पोरानं. आणि मामाला काय इचारायचं, मामा वाचवणारच."

एक वाक्य पुरलं असतं — तो माझ्या शिफ्टला गेलाय. त्या क्षणीही तो माझ्याच मशीनवर उभा होता. पण मग माझी काय शोभा राहिली असती? मी घसा खाकरला. म्हणालो, "भाचा असला म्हणून काय झालं? शिस्त म्हणजे शिस्त."

टाळ्या पडल्या हो! शकीलभाईंनी पाठ थोपटली, "आदमी हो तो ऐसा!" सिद्धार्थचं नाव कापलं गेलं. मला वाईट वाटलं? नाही — त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं. कबूल करायचंय ते हेच.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, नाव का गेलं? "फॉर्म कमी पडला म्हणत होते," मी म्हणालो. दुसरं खोटं. त्यानं ते खरं मानलं. तेव्हापासून पहाटे उठून पळतोय गडी. खेळ तर असा सुधारलाय, की बघत राहावं. पण दर वर्षी सरावाच्या दिवसांत माझी शिफ्ट तोच करायचा; दर वर्षी त्याचं नाव निघतं, आणि दर वर्षी कुणीतरी म्हणतं, "पोरगं बेशिस्त हाय."

उद्या पुन्हा बैठक आहे. या वेळी माझ्या शिफ्टा मीच केल्या; तो रोज मैदानावर होता. उद्या त्याला सोबत नेणार आहे. "मी कशाला?" तो विचारत होता. म्हटलं, "चल तर खरं."

सगळ्यांसमोर, त्याच्यासमोर, सगळं सांगणार. मग समितीला बघायला फक्त त्याचा खेळ उरेल — आणि त्या खेळाला नाही म्हणणं अवघड आहे. समितीत मी राहणार नाही, ते ठीकच. गॅरेजमधून बाहेर पडताना तो मला मामा म्हणेल की नाही, ते त्याचं त्यानं ठरवावं.