मामांच्या सरणाचे लाकूड

माझ्या मामांचे आयुष्य नागपूरच्या लकडगंजमधल्या एका वखारीत लाकूड मोजण्यात गेले. ट्रकमधून ओंडके उतरले की फीत घालून घेर घ्यायचा आणि मालकाला सांगायचा, एवढे ते काम. सुरुवातीला सागाच्या काही ओंडक्यांभोवती फीत फिरवायला दुसरा माणूस लागे. साठचे दशक संपेपर्यंत ते एकट्याने घेर घेऊ लागले होते. घरी ते यावर बोलत नसत. निवृत्त होऊन पारशिवनीजवळच्या आपल्या गावी परतल्यावर मात्र ते घरोघर सांगत फिरू लागले: उभे झाड तोडू नका, वाळलेले वेचा, चुलीत गोवऱ्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या घाला.

गावात त्यांना मान होता. लोक त्यांना काकाजी म्हणत, शेवटपर्यंत ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन जंगलात जात. थट्टाही तोंडावरच होई.

"काकाजी, जिंदगीभर लाकडावर पोट भरलं अन् आता आमाले काहून सांगून राहिले?"

"पाहून आलो म्हणून सांगून राहिलो गा. वखारीत आता मनगटाएवढ्या बल्ल्याच येतेत."

गावाबाहेरच्या रस्त्याच्या कडेला त्यांनी करंज लावले. शेळ्यांच्या तोंडून वाचलेली रोपे रस्ता रुंद करताना गेली. मी तेव्हा नागपुरात वार्ताहर होतो. जंगलतोडीच्या बातम्या देत असे. त्या आतल्या पानावर येत. मामा कात्रणे पारावर वाचून दाखवत. त्यामुळे तोड थांबल्याचे मला माहीत नाही.

सत्तरचे दशक सरत असताना ते नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात होते. उपचार संपले होते, हे त्यांना ठाऊक होते. एका दुपारी त्यांनी मला खाटेजवळ बोलावले.

"मले गोवऱ्यांवर ठेवजा. लाकूड लावू नका. तुह्या मामीनं गोवऱ्या थापून ठेवल्या आहेत. गाव ऐकणार नाही. तू सांगजो."

मी हो म्हणालो. मामी उशाशी बसून होती. तिनेही मान हलवली.

चार दिवसांनी, मे महिन्यात, ते गेले. पार्थिव जीपने सकाळीच गावी आणले. सरपंच आणि भाऊबंद अंगणात तिरडी बांधत होते. मी त्यांना मामांची इच्छा जशीच्या तशी सांगितली.

सरपंचांचे हात थांबले. "बेवारस माणसाले करतेत तसं? काकाजीले?"

"त्यांनी स्वतः सांगितलंय."

"ते सांगतीनच गा. त्यायचा स्वभावच तो. पण उद्या पाहुणे आमाले विचारतीन का तुमच्या गावात लाकूड नव्हतं का."

एवढ्यात लोक येऊ लागले. मयताला प्रत्येक घराने एक लाकूड द्यायचे, ही त्या गावची रीत. साध्या माणसाला फाटे येत. मामांसाठी खांद्यावर ओंडके आले. पावसाळ्यासाठी रचलेल्या सरपणातून लोकांनी चांगले ते काढून आणले होते. थट्टा करणारेही आले. एक म्हातारा नातवाला सोबत घेऊन आला आणि दोघांनी मिळून आणलेले लाकूड अंगणाच्या भिंतीला टेकवून रडू लागला.

सरपंचांनी मामीला विचारले, "काकू, तुमीच सांगा. तुमी म्हणान तसं."

मामी दारात उभी होती. अंगण भरले होते आणि रस्त्यावरून आणखी लोक येत होते.

"आणलं त्यायनं," ती म्हणाली. "वापस कसं पाठवू?"

मी पुन्हा एकदा मामांचे शब्द सांगितले. सरपंचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खाली गोवऱ्या लावू ना. त्यायचंही राहीन."

गोवऱ्यांचा एक थर लागला. त्यावर सरण रचले. एवढे मोठे सरण त्या गावात पूर्वी रचले गेले नव्हते, असे लोक मला परतीच्या वाटेवर अभिमानाने सांगत होते. काही ओंडके उरले. ते परत नेणे अशुभ म्हणून तेही चितेवरच टाकले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बायका कुऱ्हाडी आणि दोर घेऊन निघाल्या. मामी ओट्यावर होती.

"एवढ्या सकाळी काहून वं?" तिने एकीला विचारले.

"पाऊस तोंडावर आला काकू. काल ढिगातलं गेलं ना. अन् जवळ आता काही राहिलं नाही, लंबं जा लागते."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मामीने त्यांना अडवले नाही. सांगण्यासारखे सगळे माझे आदल्या दिवशी सांगून झाले होते. बायका दिवस कलताना परतल्या. मोळ्या घरासमोरून गेल्या तेव्हा लाकडांची तोडलेली टोके दिसली. ती ओली होती.